पोटाला झडप असलेलं चिलखत

मी चिलखत बोलतोय. आवाज जरा मोठा वाटला तर सांभाळून घ्या. पत्र्याच्या जातीला हळू बोलता येत नाही, आणि माझं तर सगळं आयुष्यच मोठमोठ्या शब्दांच्या संगतीत गेलं आहे.

'सगळं आयुष्य' म्हणणंही तसं जास्तच झालं. चिलखत होऊन मला अजून वर्षही झालेलं नाही. त्याआधी मी तेलाचा डबा होतो. एक नाही, दोन डबे. त्यातला नेमका मी कोणता, हे मला आजही सांगता येत नाही. छाती म्हणते मी, पाठ म्हणते मी. मी दोघींनाही हो म्हणतो. वाद नको.

वालूरच्या बाजारगल्लीत वीरुपाक्ष यांचं किराणा दुकान आहे. सेलूहून टेम्पोत बसून, पोटात करडईचं तेल घेऊन मी तिथं आलो. तेल मापामापानं गेलं आणि मी रिकामा झालो. आमच्यात रिकामं होणं म्हणजे भविष्याची काळजी सुरू होणं. कुणाच्या नशिबी पीठ येतं, कुणाला चुलीवर बसून अंघोळीचं पाणी तापवावं लागतं, कुणाच्या पोटात कोरफड लावतात. बाकीचे भंगारात. आणि वर माणसांचं ते बोलणं, "रिकामा डबा लय वाजतो." हे वाक्य मी दुकानात इतक्यांदा ऐकलं, की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आपण पोकळ आहोत हे कुणी सारखं सांगत राहिलं, की हळूहळू आतून तसंच वाटू लागतं.

मी दुकानाच्या मागच्या खोलीत पडून होतो. दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं, वीरुपाक्ष पोत्यांवर आडवे व्हायचे, आणि त्यांची बायको त्रिवेणी आपल्या लेकीला, रुद्राणीला, जेवायला घेऊन त्या खोलीत बसायची. रुद्राणी दुसरीतली. गोष्टीशिवाय घास घ्यायची नाही. पालेभाजी असली तर साध्या गोष्टीवर भागायचं नाही, युद्धच लागायचं.

त्रिवेणी परभणीतली. बी.ए., बी.एड. बोलणं मऊ, आणि सगळं बोलणं प्रश्नचिन्हात. "साखर एक किलो देऊ ना? चालेल ना? जरा जास्त झाली का?" गिऱ्हाईकानं सुटे पैसे दिले नाहीत तर हीच माफी मागायची. लेकीला दोन शिंका आल्या की मोबाईलवर शिंकांची कारणं वाचत बसायची आणि तिसरी शिंक येईपर्यंत स्वतःच आजारी पडायची. नवी नवरी असताना उखाणा घ्यायला उभी केली, तर ऐन वेळी नवऱ्याचं नावच विसरली. बायका अजून ते काढतात. "वीरुपाक्षराव आठवायले का गं आता?" असं विचारतात. ती हसते आणि पदर सारखा करते. तेव्हापासून चारचौघांत तिचा आवाज घशातच अडकतो.

पण मागच्या खोलीत, हातात भाकरीचा घास घेऊन, हीच बाई उभी राहायची आणि म्हणायची:

"ऐका हो ऐका! सप्तडोंगरमर्दन, गर्जनाधुरंधर, दुधनातीरदिग्विजयी वीर दणकटराय अश्वावर आरूढ झाले! त्यांनी मिशीला पीळ भरताच दाही दिशांना वावटळ उठली! त्यांनी एक हुंकार दिला, आणि सेलूला निघालेली एसटी भिऊन पाथरीला जाऊन थांबली!"

"अन् मग?" रुद्राणी तोंड उघडून विचारायची. घास आत.

"मग दणकटराय वदले, अरे खादाडासुरा! साऱ्या गावाचं धान्य गिळून तू कुठं लपला आहेस? समोर ये! माझ्या या खड्गाच्या एका फटकाऱ्यानं तुझ्या पोटाचे नगारे करीन!"

"अन् मग?"

"आणि तेवढ्यात भिंतीवर चुकचुकली पाल. त्रिखंडात कुणालाही न भिणारे दणकटराय टुणकन उडाले ते थेट घोड्याच्या पोटाखाली!"

इथं रुद्राणी हसून लोळायची. मेथी कधी संपली हे तिला कळायचंही नाही.

मी कोपऱ्यातून ऐकायचो. मला त्या शब्दांची नवलाई वाटायची. मर्दन, धुरंधर, दिग्विजयी. एवढे जाडजूड शब्द, आणि काम काय, तर पोरीच्या पोटात मेथी घालायची! पण मी आणखी एक पाहिलं. ते शब्द म्हणताना त्रिवेणीची मान सरळ व्हायची. खांदे मागं जायचे. वीर हास्यास्पद होता, पालीला भिणारा होता, तरी त्याची भाषा बोलताना बाई उंच दिसायची. मग बाहेरून कुणी "आहे का कुणी?" म्हटलं की ती पुन्हा आपल्या मापात यायची. "आले हां. सॉरी, थांबावं लागलं का?"

लेकरांच्या पोटात गोष्ट राहते, गुपित राहत नाही. रुद्राणीनं ते शाळेत नेलं.

एके दिवशी तिच्या वर्गाच्या धम्मशीलाबाई दुकानात आल्या. शेंगदाणे घेता घेता म्हणाल्या, "रुद्राणीची आई, तुम्ही तर लपून बसलात की! पोरगी वर्गात सांगायली, माझ्या आईला राजाची भाषा येते, ती कुणालाच भीत न्हाई."

त्रिवेणीच्या हातातलं माप तसंच राहिलं. "अहो बाई, ते... घरात... जेवताना..."

"आता स्टेजवर. यंदाच्या संमेलनात आयांचं एक नाटुकलं ठेवलंय. दणकटराय तुम्हीच."

नाही म्हणायलाही धीर लागतो. तो तिच्याकडं नव्हता, म्हणून ती हो म्हणाली.

बाई गेल्या आणि त्रिवेणी मागच्या खोलीत येऊन माझ्यावरच बसली. तिच्या सासूबाई चन्नबसम्मा तिथं तूर निवडत होत्या. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, आणि जिभेला कधीच गंज नाही अशी ती म्हातारी.

"आत्याबाई, काय करू हो मी? तिला वाटतं, मी खरंच तशी आहे. तिथं माझी बोबडी वळली, तर ती तिच्या डोळ्यांदेखत वळेल. मग उद्यापासून ती माझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवील?"

"भाजी खा म्हनतीस, तेच्यावर ठेवती का आता?"

"नाही."

"मग काय फरक पडायलाय?"

"आत्याबाई, थट्टा नको हो."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. सुनेकडं नीट पाहिलं. मग तिला उठवलं, मला उचललं, माझ्या शेजारचा डबाही उचलला. "वीर म्हनलं की चिलखत पायजे. ऊठ. रडायचं ते चिलखत घालून रड, दिसायचं न्हाई."

आणि आमची वरात तात्यारावांकडं निघाली.

तात्याराव पत्र्याच्या कोठ्या करतात. ज्वारीच्या कोठ्या, गव्हाच्या कोठ्या. आसपासच्या गावांतून धान्य जिथं म्हणून सुखानं झोपलेलं असेल, तिथं वर पत्रा तात्यारावांचा. त्यांनी मला उभा चिरला, सपाट केला, ठोकून गोल केला. दुखलं का? दुखलं. पण प्रत्येक ठोक्याला माझ्यातून असा काही नाद निघत होता, की मीच ऐकत राहिलो. दोन डब्यांचा एक जीव झाला. गळ्याला कड वळवली, हातांना भोकं ठेवली, चंदेरी रंग दिला. तात्याराव गुणगुणत होते, हात आपोआप चालत होते. आणि तिथंच घोटाळा झाला.

जन्मभर कोठ्याच केलेला हात तो. कोठीला खाली धान्य काढायला एक सरकती झडप असते. तात्यारावांच्या हातानं डोक्याला न विचारता माझ्या पोटावर, बरोब्बर बेंबीच्या जागी, तशीच झडप बसवली.

"झकास झालंय बघा वहिनी!" त्रिवेणी न्यायला आली तेव्हा ते म्हणाले. "उंदीर शिरायचा न्हाई, घूस शिरायची न्हाई. नातवंडापर्यंत टिकतंय."

"छानच आहे. पण तात्याराव, हे पोटावर..."

तात्यारावांनी पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर पडला. पण कारागीर माणूस तो, सावरला. "ते व्हय? ती हवा खेळायला. लढाईत घाम येतो का न्हाई वीराला?"

मला वाटलं, आता ती म्हणेल, काढा ते. त्रिवेणी म्हणाली, "हो का? छान. थँक्यू हां." आणि पोटावर झडप असलेला त्रिखंडातला पहिला योद्धा म्हणून मी घरी आलो.

तालमी आमच्या मागच्या खोलीतच व्हायच्या. खादाडासुर झाली होती समोरची बबिता. तिचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि तिला घाबरणं माहीत नाही. काळी घोंगडी पांघरून ती आत आली की रुद्राणीसुद्धा दोन पावलं मागं सरायची.

पहिल्यांदा त्रिवेणीनं मला घातलं तेव्हा मी तिला ढगळ झालो. तिच्या छातीची धडधड मला लागत होती. तिनं हळूच म्हणून पाहिलं, "सावधान!"

ती स्वतःच दचकली. तिचा एवढासा शब्द माझ्या पोकळीत शिरला, एक गिरकी घेतली आणि दुप्पट होऊन बाहेर पडला. पोत्यांवरचे वीरुपाक्ष उठून बसले. "कोण आलं?"

त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, की रिकामं असणं हे काही फक्त दूषण नाही.

सासूबाईंनी मग सुनेला शिकवायला घेतलं. त्यांचे वडील पुरवंत होते. लिंगायतांच्या घरच्या मंगलकार्यात वीरभद्राची मिरवणूक निघते, तिच्यापुढं हातात तलवार घेऊन पुरवंत खडग म्हणतो, म्हणजे देवाच्या पराक्रमाचं वर्णन, गद्यच, पण असं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. "माझा बाप खडग म्हनायला लागला की बैल दावं तोडायचे," चन्नबसम्मा सांगायच्या. "मला सगळं पाठ व्हतं. पण पोरीच्या जातीला कोन म्हनू देतंय? मी गोठ्यात जाऊन म्हशींपुढं म्हनायची. म्हशी दूध जास्त द्यायच्या, ते मातर बापाला कधी कळलं न्हाई."

"आणि आता येतं का आत्याबाई?"

"माझं राहू दे. तू घशातून बोलायलीस. घसा म्हंजे उंबरा. उंबऱ्यावर बसून घर चालतंय का? बेंबीपसून बोल."

ती बेंबीपासून बोलायचा प्रयत्न करायची. पण तिची बेंबी थरथरायची. ती थरथरली की मी वाजायचो. कड कड कड कड. माझ्या कडा एकमेकींवर आपटायच्या, बांगड्या माझ्यावर आपटायच्या. मला थांबता येत नव्हतं. भीती तिची, पण बोभाटा माझा.

बबिता घोंगडीतून तोंड काढून म्हणाली, "अगं दणकटराय यायलाय का भंगारवाल्याचा गाडा?"

सगळ्या हसल्या. त्रिवेणीही हसली, पण मला काढून खाली ठेवताना तिचे हात गार होते. "बघा ना आत्याबाई. मी काही बोलायच्या आधीच हे सगळ्यांना सांगतंय, मी घाबरले म्हणून."

चन्नबसम्मांना सुनेची दया आली. त्यांनी उशीची जुनी खोळ घेतली, तीत ज्वारी भरली, तोंड दोऱ्यानं बांधलं आणि ती माझ्या पोटात ठासून बसवली. "हे घे. आता वाजून दाखव म्हनावं. अन् पोट बी आलं. पोट न्हाई तो वीर कसला?"

खरंच, मी वाजायचा थांबलो. त्रिवेणीनं समाधानानं श्वास सोडला. पण मला कळत होतं, माझी पोकळी बुजली होती. आता तिचा शब्द माझ्यात शिरायचा आणि ज्वारीत तोंड खुपसून झोपायचा. तिची भीती लपली आणि तिच्याबरोबर तिचा आवाजही. मी ओरडून सांगणार होतो. पण पोट भरलेलं, ओरडणार कसा?

संमेलनाचा दिवस उगवला. शाळेच्या मैदानात मांडव. पुढं पोरं सतरंजीवर, मागं आयाबाया, त्यामागं बापे उभे. ऊन असं होतं, की माझ्या चंदेरी रंगाकडं कुणाला बघवत नव्हतं. काजळानं काढलेली मिशी, डोक्याला वीरुपाक्ष यांच्या लग्नातला फेटा, हातात पुठ्ठ्याची तलवार. वीरुपाक्ष मोबाईल धरून उभे होते. "कसं होईल हो?" असं त्रिवेणीनं सकाळपासून त्यांना इतक्यांदा विचारलं होतं, की शेवटी ते म्हणाले, "मला विचारू नको, मलाच भ्या वाटायलंय."

रुद्राणी पहिल्या ओळीत मधोमध बसली होती. डाव्या-उजव्या दोघींना कोपरानं ढोसत होती. "आता बघा. आता माझी आई येती."

पडदा सरकला. त्रिवेणी पुढं आली.

"ऐका हो ऐका..."

शब्द माझ्यात शिरला आणि ज्वारीत बुडाला. दुसरी ओळही बुडाली. तिसऱ्या ओळीला मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज!"

"ओ ताई, घरच्या घरी बोलायल्या का?" दुसरा म्हणाला.

त्रिवेणीनं लेकीकडं पाहिलं. आणि मला जाणवलं, तिचा श्वास थांबला. ज्या शब्दांवर तिनं लेकीला मेथीचे डोंगर भरवले होते, ते सगळे शब्द उठून गेले होते. उखाण्याच्या वेळी असंच झालं असणार. मांडव शांत. ती शांतता कशी असते सांगू? ओतायला तेल नसावं आणि गिऱ्हाईक समोर बाटली धरून उभं असावं, तशी.

बबिता घोंगडीआडून कुजबुजली, "त्रिवेणे, उडी मार! उडी मार म्हंजी आठवतंय!"

काहीतरी करायचं म्हणून त्रिवेणीनं उडी मारली.

खोळीचा दोरा तुटला. ज्वारीचा लोंढा झडपेवर आला. तात्यारावांनी जन्मभर ज्या कामासाठी झडपा केल्या, ते काम तिनं इमानानं केलं. ती सर्रकन वर सरकली, आणि सप्तडोंगरमर्दन वीराच्या बेंबीतून ज्वारीची धार लागली.

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग मागून आवाज आला, "दणकटराय फुटला रं!"

मांडव हसण्यानं हलला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, बापे गुडघ्यांवर थापा मारून हसले. मांडवाच्या खांबापाशी तात्याराव डोक्याला हात लावून खाली बसले. त्रिवेणीचा एक पाय मागं सरकला. मला कळलं, ती आता पळणार. पळाली असती तर मी तिला दोष दिला नसता.

तेवढ्यात पहिल्या ओळीतली रुद्राणी उठून उभी राहिली. ती हसत नव्हती. तिच्या तोंडावर दुपारचा तोच चेहरा होता, घासाची वाट पाहणारा. तिनं मोठ्यानं विचारलं,

"अन् मग?"

त्रिवेणी थांबली. या प्रश्नाला उत्तर दिलं नाही असं कधी झालंच नव्हतं. रोज दुपारी हा प्रश्न आला, की गोष्ट पुढं न्यावीच लागायची. तिनं श्वास घेतला. मी पुरता रिकामा झालो होतो. तो श्वास माझ्या तळापर्यंत गेला, अगदी बेंबीपर्यंत.

"खामोश!"

काय सांगू तुम्हाला! मी वाजलो. छाती वाजली, पाठ वाजली, उघडी झडपसुद्धा वाजली. मांडवाच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसानं चटकन टोपी सारखी केली.

"हसता काय, अज्ञ जनहो! क्षुल्लक वीरांच्या पोटातून रक्त सांडतं! या दणकटरायाच्या पोटातून ज्वारी सांडते! अरे खादाडासुरा! तुझ्या भुकेची कीर्ती आम्ही सात डोंगरांपलीकडं ऐकली. भुकेल्यावर खड्ग उगारणं आमच्या कुळाला शोभत नाही. पसर तुझी घोंगडी! आमचं पोट रितं होईल, पण तुझं भरल्याविना हा वीर माघारी जाणार नाही!"

हे कुठल्याच तालमीत नव्हतं. तालमीत खादाडासुराचे नगारे व्हायचे होते. पण बबिता ती बबिता. तिनं गुडघ्यांवर बसून घोंगडी पसरली, ज्वारीची मूठ नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"महाराज, नुसती कशी खाऊ? चटणीबिगर जमायचं न्हाई!"

त्रिवेणीनं तलवार बायकांच्या रांगेकडं रोखली. "आत्याबाई! रणभूमीवर चटणी रवाना करा!"

चन्नबसम्मा उठून उभ्या राहिल्या. साठीची बाई, पण आवाज असा आला की मला त्यांच्या माहेरच्या म्हशी आठवल्या. मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या, तरीही.

"जवसाची का कारळाची, महाराज?"

"दोन्ही द्या! वीराच्या घरी दळभद्रेपणा नाही!"

त्यानंतर काय काय झालं ते मला सलग सांगता येत नाही. पोरं नाचत होती. खादाडासुरानं अशी ढेकर दिली की धम्मशीलाबाईंनी डोळे पुसले, हसून की कशानं कोण जाणे. असुर तृप्त होऊन घोंगडीवर झोपला. विजयी दणकटरायानं त्याच्या अंगावर पाय ठेवून तलवार आकाशाला लावली, दिशांना आपली सगळी बिरुदं ऐकवली, आणि मग तो एकदम पडद्याकडं बघून किंचाळला, "पाल!" आणि टुणकन असुराच्या घोंगडीत शिरला. मांडव पुन्हा हसला. पण आधीचं हसणं तिच्यावर होतं. हे तिनं दिलेलं होतं. पत्र्यालासुद्धा त्यातला फरक कळतो.

वर्गखोलीत बबितानं मला त्रिवेणीच्या अंगावरून उतरवलं. त्रिवेणीच्या मिशीचं काजळ गालभर झालं होतं. रुद्राणी धावत आली, कमरेला बिलगली आणि म्हणाली, "आई, तू भीत व्हतीस."

त्रिवेणीचं हसू ओठांवरच थांबलं. "तुला... कधी कळलं?"

"पहिल्यापसूनच. मागच्या खोलीत तुझ्या बांगड्या वाजायल्या व्हत्या की."

"मग तू सगळ्यांना का सांगत सुटलीस, माझी आई कुणाला भीत नाही म्हणून?"

रुद्राणीनं जरा विचार केला. "तू न्हाई का मला म्हनत, तुला पाढे येतात, म्हन? मला कुठं येतात? पन तू म्हनलीस की येतात थोडे थोडे."

त्रिवेणी खाली बसली. तिनं लेकीला इतकं घट्ट धरलं की बांगड्या पुन्हा वाजल्या. या वेळी तिनं त्या लपवल्या नाहीत.

चन्नबसम्मा दारात उभ्या होत्या. "झालं का राजेसाहेब? मग चला. ज्वारी सांडलीय ती गोळा करायला मदत करा." पोरांनीही स्टेजवरची ज्वारी वेचून दिली. चन्नबसम्मांनी ती पाखडून, निवडून त्या रात्रीच्या भाकरीला घेतली. रणभूमीवरची ज्वारी म्हणे गोड लागते.

दुसऱ्या दिवशी तात्याराव हातोडी आणि पत्र्याचा तुकडा घेऊन आले. मान खाली. "वहिनी, चुकलंच माझं. झडप बंद करून देतो."

"नको तात्याराव," त्रिवेणी म्हणाली. "राहू द्या तशीच."

फक्त एवढंच. पुढं सॉरी नाही, चालेल ना नाही. मी आणि चन्नबसम्मा, आम्ही दोघांनीही ते ऐकलं. म्हातारी तूर निवडता निवडता गालात हसली. तात्याराव मात्र बाहेर पडल्या पडल्या गल्लीत सांगू लागले, की झडप ही त्यांचीच मूळ कल्पना होती.

तुम्हाला वाटेल, त्रिवेणी आता बदलली असेल. कुठलं! परवाच लेकीला खोकला आला तर तिनं मोबाईलवर अर्ध्या जगाचे आजार वाचून काढले. पण आता ती वाचून झाल्यावर स्वतःलाच म्हणते, "दणकटराय, आवरा." आणि मोबाईल खाली ठेवते. गेल्या हळदीकुंकवाला तिनं उखाणा घेतला. वीरुपाक्ष यांच्या नावामागं इतकी बिरुदं लावली, की नाव येईपर्यंत वाणाचं ताट धरून बायांचे हात दुखले.

मी दुकानाच्या मागच्या खोलीत खुंटीला असतो. रंग जागोजाग उडाला आहे, बगलेत जरा गंज धरला आहे, आणि पाऊसपाण्यात माझ्या अंगाला अजून करडईच्या तेलाचा वास येतो. शेजारच्या गावच्या शाळेनं मला एकदा मागून नेलं. तिथंही कुणीतरी माझ्यात थरथरलं. मी वाजलो. मी आता लाजत नाही.

एक गुपित सांगतो, कुणाला सांगू नका. दुपारी घरात कुणी नसलं, की चन्नबसम्मा मला खुंटीवरून काढतात, पोत्यावर उभं करतात, माझ्या गळ्याशी तोंड आणतात आणि बापाचं खडग म्हणतात. सुरुवातीला हळू, मग बेंबीपासून. त्या वेळी माझ्या पोकळीत जे घुमतं ते मला इथं सांगता यायचं नाही. फक्त गल्लीतले बैल माना वर करतात, एवढं खरं.

आणि आत्ताच रुद्राणीनं मला घातलंय. मी तिच्या गुडघ्यांपर्यंत आलो. उद्या तिची पाढ्यांची चाचणी आहे, म्हणून माझ्यात शिरून ती गरजली, "ऐका हो ऐका! सात एके सात! सात दुणे चौदा! सात त्रिक..."

अडकली. मी कडकडलो, अगदी तिच्या आईच्या वेळी कडकडलो होतो तसाच.

समोर भाकरीचा घास हातात धरून त्रिवेणी बसली होती. तिनं एकही आकडा सांगितला नाही. तिनं फक्त विचारलं, "अन् मग?"

म्हणून तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. मला भंगारात घालू नका, पीठही भरू नका, आणि वाजतो म्हणून कुणी माझ्या पोटात काही कोंबू नका. तुमच्या घरात कुणी भिऊन थरथरत असेल तर मला घेऊन जा. मी वालूरच्या बाजारगल्लीत आहे. आत शिरणाऱ्याच्या थरथरीचा कडकडाट माझा मी सोशीन. तुम्ही समोर बसा, आणि गोष्ट थांबली की फक्त पुढचं विचारा.

हां, झडप तेवढी उघडीच असू द्या. आतून आवाज येतोय. "सात त्रिक एकवीस!"